अणुअभियांत्रिकीच्या एम.टेक.ला आरोग्यभौतिकी: सक्तीची की ऐच्छिक?

शिसपेन्सिल (धागाकर्ती)

परवा आमच्या अभ्यासमंडळाची बैठक झाली. दोन तास समोसे आणि एक्सेलशीट. आमच्याकडे अणुअभियांत्रिकीचा एम.टेक. आहे (विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, ओळखलंत तरी गप्प राहा). नव्या आराखड्यात 'किरणोत्सर्ग संरक्षण आणि आरोग्यभौतिकी' (म्हणजे किरणोत्सर्ग मोजून माणसांना त्यापासून जपायचं शास्त्र) हा चार क्रेडिटचा सक्तीचा पेपर दोन क्रेडिटचा ऐच्छिक होणार आहे. त्याच्या जागी छोट्या मॉड्युलर अणुभट्ट्या आणि मशीन लर्निंग. कारण काय, तर २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुविजेचं लक्ष्य ठेवलंय, छोट्या भट्ट्यांच्या संशोधनाला २०,००० कोटी दिलेत, तेव्हा पोरांना डिझाइन शिकवा. डोस मोजणारी माणसं दुसरीकडून येतात.

माझं मत: पेपर सक्तीचाच हवा, पण आज जसा शिकवतो तसा नको. नऊ वर्षं मीच शिकवतेय, त्यामुळे हे बोलायचा हक्क आहे. क्युरीचं बेकरेल कर, रॅडचं ग्रे कर, रेमचं सीव्हर्ट कर, जुन्या एककांची नवी केली की झाले चाळीस मार्क. पोरं पास होतात आणि सर्व्हे मीटर (किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र) हातात दिला की उलटा धरतात.

२०१० चं मायापुरी आठवत असेल. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात एक गामा सेल (प्रयोगासाठी गामा किरण देणारी पेटी) होता, चाळीसेक वर्षांपूर्वी कॅनडातून आणलेला, १९८५ पासून धूळ खात पडलेला. फेब्रुवारीत लिलावात भंगार म्हणून गेला. मायापुरीच्या भंगारबाजारात लोकांनी तो हातांनी उघडला, आतल्या कोबाल्ट-६० च्या कांड्या निघाल्या. एकाने तर तुकडा पाकिटात ठेवला होता. एक माणूस गेला, बाकीचे कितीतरी दिवस इस्पितळात.

आता गणित करा. कोबाल्ट-६० दर ५.२७ वर्षांनी निम्मा होतो. चाळीस वर्षांत साडेसात वेळा निम्मा. म्हणजे मूळच्या दोनशेव्या भागाच्या आसपास उरला होता आणि तेवढा माणूस मारायला पुरला. अर्धायुष्याचं हे गणित आमचा प्रत्येक विद्यार्थी डोळे मिटून सोडवतो. विभागाच्या कोपऱ्यातली पेटी बघून ते कुणाला सुचेल का, हा माझा प्रश्न आहे.

मंडळाची पुढची बैठक गुरुवारी. मतं द्या, शिव्याही चालतील.

टर्बाइनवाला

ताई, शिव्या नाही देत, पण मायापुरी तुमच्या बाजूने लागू पडत नाही. तिथे अभियंता चुकला नाही, स्टोअरचं रजिस्टर चुकलं. निर्लेखनाच्या यादीवर सही करणाऱ्याला कोणता एम.टेक. शिकवणार आहात?

मी एकतीस वर्षं प्लांटवर काढली. खरा धडा हवा असेल तर उत्तर प्रदेशातलं नरोरा अणुवीज केंद्र घ्या. ३१ मार्च १९९३. टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन सुटला, तेलाने पेट घेतला. वेगवेगळ्या पुरवठ्याच्या केबली एकमेकींना खेटून गेल्या होत्या, सगळ्या एकदम जळाल्या. सतरा तास प्लांटला वीज नाही. माणसं टॉर्च घेऊन वर चढली आणि हाताने झडपा उघडून बोरॉन आत सोडलं, भट्टी बंदच राहावी म्हणून. कुणाच्या छातीवरच्या मात्रा मोजणाऱ्या बॅजवर काय रीडिंग आलं हा त्या रात्रीचा प्रश्नच नव्हता. केबल ट्रे वेगळे का ठेवायचे, हे माहीत असणारा माणूस हवा होता, डिझाइनच्या टेबलावर, दहा वर्षं आधी.

भट्टी थंड राहिली तर आरोग्यभौतिकीवाल्याला कामच उरत नाही. उष्णतावहन, पदार्थविज्ञान, उपकरणन हे आधीच कापून कापून एवढंसं झालंय. चार सेमिस्टर म्हणजे काही द्रौपदीची थाळी नव्हे. आणि प्रत्येक केंद्रावर हेल्थ फिजिक्स युनिट असतं, नव्या पोराला ते पहिल्या महिन्यात घासून पुसून शिकवतात.

शिसपेन्सिल

काका, नरोरा मान्य. पण मग कर्नाटकातल्या कैगा केंद्राचं काय करायचं? नोव्हेंबर २००९. कुणीतरी आतल्याच माणसाने ट्रिटियमयुक्त (किरणोत्सर्गी हायड्रोजन असलेलं) जड पाणी पिण्याच्या कूलरमध्ये ओतलं. पन्नासहून जास्त कर्मचाऱ्यांच्या पोटात गेलं. कळलं कशावरून? नेहमीच्या लघवीच्या तपासणीवरून. छातीवरच्या बॅजला ट्रिटियम दिसतच नाही, त्याचा बीटा इतका अशक्त की कातडीसुद्धा ओलांडत नाही. आपल्या बहुतेक भट्ट्या जड पाण्याच्या आणि त्या डिझाइन करणाऱ्या पोराला 'बॅज कोरा म्हणजे मी कोरा' असं वाटत असेल तर ते मला चालणार नाही.

२००३ चं तमिळनाडूतलं कल्पाक्कमही बघा. वापरलेल्या इंधनाच्या पुनर्प्रक्रिया केंद्रात झडप गळली, जहाल कचरा कमी तीव्रतेच्या टाकीत आला आणि त्या जागी क्षेत्रमापकच बसवलेला नव्हता. सहा जणांना मर्यादेपेक्षा जास्त मात्रा. मीटर कुठे बसवायचा हे डिझाइनच्याच टेबलावर ठरतं ना?

तीनचकती

दोघांशीही असहमत.

मी हॉस्पिटलमध्ये मेडिकल फिजिसिस्ट आहे. सामान्य माणसाला कृत्रिम किरणोत्सर्ग मिळतो तो अणुभट्टीतून नाही, आमच्या तळघरातून. छातीच्या एक्सरेची मात्रा मिलिसीव्हर्टच्या दहाव्या भागाहूनही कमी असते, पोटाच्या सीटीची आठ-दहा मिलिसीव्हर्टपर्यंत जाते. जनतेसाठीची वार्षिक मर्यादा १ मिलिसीव्हर्ट आहे. ती रुग्णाला लागू नसते हे मान्य, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं.

तर शिसपेन्सिलताई, तुमचा हा पेपर घेऊन माझ्याकडे नोकरीला कुणी आलं तर मी त्याला चहा पाजून परत पाठवीन. रेडिएशन सेफ्टी ऑफिसर व्हायला एईआरबीला (अणुऊर्जा नियामक मंडळाला) मान्य असलेलं शिक्षण लागतं, फिजिसिस्टला वर एक वर्षाची इंटर्नशिप. चार क्रेडिटात सुरक्षा अधिकारी तयार होत नाही, आपल्याला सगळं कळतं असं वाटणारा माणूस तयार होतो. तो फार महाग पडतो. आरोग्यभौतिकीला स्वतंत्र पदवी द्या. अणुअभियांत्रिकीच्या शेपटाला बांधलेलं खेळणं ठेवू नका.

एक किस्सा. आधीच्या एका ठिकाणी एका तंत्रज्ञाच्या टीएलडी बॅजचं (तोच मात्रा मोजणारा बॅज) तिमाही रीडिंग अचानक चढलं. पत्र आलं, धावपळ, चौकशी. बॅजमधल्या तीन चकत्यांवरची रीडिंगं जुळवून बघितली, ड्युट्यांची वही काढली, काहीच ताळा लागेना. शेवटी मावशींनी सांगितलं: "साहेब रजेवर होते तेव्हा त्यांचा येप्रन आतच खुंटीवर असायचा." बॅज एप्रनला, एप्रन एक्सरे रूममध्ये. आणि त्याच मजल्यावरच्या कॅथलॅबमधल्या डॉक्टरांचा बॅज वर्षानुवर्षं शून्य, कारण तो ड्रॉवरमध्ये. पहिल्याची चौकशी झाली. दुसऱ्याला कुणी विचारलंही नाही.

उंबरठा

इथे कुणी मुद्द्याचं बोलतच नाहीये. आधी हे ठरवा की शिकवणार काय? 'उंबरठा नाही, कितीही थोडा किरणोत्सर्ग धोकादायकच' हे रेषीय गृहीतक वेदवाक्य म्हणून शिकवलं जातं. केरळात करुणागप्पल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची किरणोत्सर्गी वाळू आहे, लोक पिढ्यान्पिढ्या इतरांच्या कितीतरी पट मात्रेत राहतात. त्यांचा मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, कर्करोग वाढलेला दिसला नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्यांच्या अणुनियामकाला या गृहीतकाचा फेरविचार करायला सांगितलं. आणि आपण अजून १९९० च्या नोट्स झेरॉक्स करतोय. या भीतीपायी प्रकल्पांचा खर्च वाढतो. असा पेपर ऐच्छिकच काय, बंद करा.

सांख्यिकी_सदाशिव

अध्यक्षांच्या आदेशाने डीएनए दुरुस्त होत नाही, राव.

२०२३ मध्ये फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका मिळून तीन लाखांहून जास्त अणुकामगारांचा अभ्यास आला. एक ग्रे मात्रेमागे घन अर्बुदांनी (गाठींच्या कर्करोगांनी) होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण साधारण ५२ टक्क्यांनी वाढतं, आणि कमी मात्रेलाही कल तोच. करुणागप्पल्लीत वाढ 'दिसली नाही' म्हणजे 'नाही' असं होत नाही. विश्वासाचा पट्टा, म्हणजे खरा आकडा ज्या दोन टोकांमध्ये असू शकतो तो, किती रुंद आहे ते बघा.

उंबरठा

आणि त्याच अभ्यासात कामगारांची सरासरी संचित मात्रा वीसेक मिलिग्रे आहे हेही सांगा की. ५२ टक्क्यांचा पन्नासावा भाग किती? एक टक्का. यावर सिगारेटवाला हसेल.

सांख्यिकी_सदाशिव

हसू दे. एक टक्का हा एक टक्काच, शून्य नव्हे.

शिसपेन्सिल

तुमचं हे भांडण वर्गात व्हायला हवं. दोन्ही पेपर विद्यार्थ्यांपुढे ठेवायचे आणि पट्टे वाचायला लावायचे. युनिट बदलायच्या चाळीस मार्कांपेक्षा हे बरं. उंबरठा, तुम्ही पेपर बंद करा म्हणता, पण तुमचा मुद्दा खोडायला किंवा मानायलासुद्धा तो पेपरच लागतो.

माडबनचा

मी राजापूर तालुक्यातला. जैतापूरच्या सहा भट्ट्या, प्रत्येकी आधी १६५० आणि आता १७३० मेगावॉट, आमच्या दारात येणार म्हणून लहानपणापासून ऐकतोय. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाट्याला गोळीबार झाला, एक माणूस गेला. तेव्हा मी दहावीत होतो.

तुम्ही शिकलेली माणसं आमच्याकडे येऊन काय सांगता माहीत आहे? केळ्यातही किरणोत्सर्ग असतो. आमच्या आजीने एका साहेबाला विचारलं होतं, "काय झालाच तर आमी जावचा खंय? नि खंयच्या रस्त्यान?" पावसाळ्यात आमच्या वाटेवर दरड येते, एसटी दोन-दोन दिवस बंद असते. साहेबांनी पुन्हा केळ्याचंच सांगितलं. आजी म्हणाली, "ह्येका केळीच विकूक धाडा."

तेव्हा तुमच्या अभ्यासक्रमात माणसांना हलवायचं कसं हे आहे का? सक्तीचं की ऐच्छिक ते नंतर ठरवा.

टर्बाइनवाला

माडबनचा, १६ किलोमीटरपर्यंत आणीबाणी नियोजन असतं. केंद्रावर सराव होतात, कलेक्टर असतात. मी स्वतः भाग घेतलाय.

माडबनचा

तुम्ही भाग घेतलात. आजीने नाही. तोच प्रश्न आहे काका.

तीनचकती

आणि हे साधं नाही. फुकुशिमा प्रांतात हलवाहलवीच्या हालांनी आणि नंतरच्या आजारपणांनी गेलेल्यांचा सरकारी आकडा दोन हजारांच्या वर आहे. इस्पितळांतली, वृद्धाश्रमांतली माणसं बसमध्ये घालून नेली. कुणाला हलवायचं आणि कुणाला दारं-खिडक्या लावून घरातच ठेवायचं, हा मात्रेच्या हिशेबाचाच निर्णय आहे. हे मात्र अभियंत्याला यायला हवं. इथपुरती मी धागाकर्तीच्या बाजूला सरकते. पदवी वेगळीच हवी, हे कायम.

टर्बाइनवाला

ठीक. एक अडचण सोडवा, मग मीही सरकतो. थिअरीचं एक क्रेडिट पंधरा तासांचं. चार क्रेडिट म्हणजे साठ तास. कुठून कापता? उष्णतावहनाला हात लावलात तर मी गुरुवारी तुमच्या गेटवर येऊन बसेन.

शिसपेन्सिल

उष्णतावहन नाही, माझंच कापते. तीन क्रेडिट मागणार, दोन थिअरी आणि एक प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकाचं क्रेडिट तीस तासांचं असतं, म्हणजे एकूण तासही साठच. एककं एका तासात. उंबरठा-सदाशिव भांडण चार तास. आजीचा प्रश्न सहा तास, खऱ्या नकाशावर, खऱ्या रस्त्यांसह. प्रात्यक्षिकात फक्त मीटर. गायगर नळी फार मोठ्या क्षेत्रात गुदमरते आणि काही मीटरांचा काटा सरळ शून्याला येतो, हे मला नोकरी लागल्यावर कळलं, पदवीत नाही. काटा चढता चढता पडला की मागे फिरायचं, हे पायांना माहीत हवं. मशीन लर्निंग जाईल ऐच्छिकात.

टर्बाइनवाला

तीन चालेल. पण आधी तुमच्या विभागातलं स्टोअर मोजून या. मायापुरीवर धागा काढणाऱ्याने स्वतःचं कपाट उघडलेलं असावं.

शिसपेन्सिल (दुसऱ्या दिवशी)

मोजलं. रजिस्टरमध्ये सात किरणोत्सर्गी स्रोत, कपाटात सहा. दुपारभर शोधलं. सातवा बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत, खिडकीपाशी, जर्नल उडू नयेत म्हणून ठेवलेला शिशाचा पॉट. १९८९ चा कोबाल्ट, शिकवायला वापरतात तो बारीकसा. आज शंभराव्या भागाच्या आसपास असेल. मीटर लावला, रीडिंग पार्श्वभूमीइतकंच.

तीनचकती

झाकण उघडून लावलास की बंद असताना?

शिसपेन्सिल

बंद असताना.

तीनचकती

मग आत तो आहे हे कशावरून?

शिसपेन्सिल

उद्या नऊला उघडते. काका, येताय का?

टर्बाइनवाला

साडेआठला गेटवर आहे. तो पॉट आज रात्री तिथेच खिडकीत ठेवू नका.