शुगरने किडनी खराब होते ना, मग बायॉप्सीत पांढऱ्या पेशी कशाला?

अनघा_सांगली:
नमस्कार मंडळी, जरा गोंधळलेय म्हणून इथे विचारतेय. बाबा ६४ वर्षांचे, शुगर १७ वर्षांपासून. क्रिएटिनीन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा) १.९, लघवीतलं प्रोटीन गेल्या वर्षभरात एकदम वाढलं म्हणून नेफ्रॉलॉजिस्टनी (किडनीच्या डॉक्टरांनी) बायॉप्सी, म्हणजे सुईने किडनीचा तुकडा काढून तपासणी, करायला लावली, वेगळं काही नाही ना बघायला. रिपोर्ट आला डायबेटिक नेफ्रोपथीच, म्हणजे शुगरने खराब झालेली किडनी. पण त्यात खाली लिहिलंय की इंटरस्टिशियममध्ये (नळ्यांच्या मधल्या जागेत) लिम्फोसाइट्स आणि मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशी दिसतायत. मला इतकंच कळतं की पांढऱ्या पेशी म्हणजे इन्फेक्शनशी लढणारं सैन्य, मग बाबांच्या किडनीत इन्फेक्शन आहे का? जंतू शोधायचं कल्चर तर निगेटिव्ह आलंय. आणि दुसरं म्हणजे माझ्या मामेभावाला लहानपणी किडनीचा त्रास होता, प्रोटीन जायचं, तो स्टेरॉइडने ठणठणीत झाला, मग बाबांना स्टेरॉइड का नाही देत? तिसरं, शेजारच्या काकू रोज गुळवेलीचा काढा आणून देतायत, इम्युनिटी वाढली की किडनी आपोआप सुधारेल म्हणतात. डॉक्टरांकडे नंबर लागला की पाच मिनिटं मिळतात त्यात हे सगळं विचारायचं राहूनच जातं.

पेशीवाला:
पॅथॉलॉजीत आहे, रोज मायक्रोस्कोपखाली अशाच बायॉप्सीच्या काचा बघतो, म्हणून लिहितो. इन्फेक्शन असायलाच हवं असं नाही. या आजारात त्या पेशी बाहेरच्या जंतूसाठी आलेल्या नसतात, किडनीनेच त्यांना बोलावलेलं असतं.

असं समजा की तुमच्या गल्लीत पाइप फुटलाय, लोक रोज महापालिकेत तक्रार करतायत, गँग येते, रस्ता खणते, पण फुटलेला पाइप कुणी बदलतच नाही, त्यामुळे तक्रारी थांबत नाहीत, गँग परत येते, परत खणते आणि शेवटी कंटाळून सगळ्यावर काँक्रीट ओतून जाते. आता रस्ता दिसायला गुळगुळीत, पण खालून पाणीच जात नाही. किडनीत नेमकं हेच होतं. जास्तीची साखर आणि गाळणीच्या केशवाहिन्यांमधलं वाढलेलं प्रेशर हा फुटका पाइप. पुढच्या नळ्यांमधल्या पेशींना गळून आलेलं प्रोटीन आणि साखर परत ओढून घेण्याचं काम ओव्हरटाइम करावं लागतं, त्या त्रासल्या की एमसीपी-१ नावाचं केमिकल सोडतात, ही तक्रार. ती ऐकून रक्तातले मोनोसाइट, याही पांढऱ्या पेशीच, रक्तवाहिनीची भिंत ओलांडून आत येतात आणि मॅक्रोफेज बनतात. तेही टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ बीटा असली आणखी केमिकल्स सोडतात, त्याने अजून पेशी येतात. टी पेशी (रिपोर्टमधल्या लिम्फोसाइट्सचाच एक प्रकार) येतात, मास्ट सेल्स या आणखी एका प्रकारच्या पेशीही दिसतात. आणि काँक्रीट म्हणजे कोलॅजन, टीजीएफ-बीटा नावाचं केमिकल सुटलं की तिथल्या पेशी ते तयार करायला लागतात. त्याला आम्ही फायब्रोसिस म्हणतो, ते सहसा उलटत नाही, म्हणून ते व्हायच्या आधी पाइप बंद करायचा.

मॅक्रोफेज वाईट असतात असं मात्र समजू नका हं. निरोगी किडनीतही ते असतात, मेलेल्या पेशी उचलतात, जखम भरायला मदत करतात. बिघडतं ते काम कधी थांबत नाही म्हणून.

बाय द वे, किमेलस्टील आणि विल्सन या दोन डॉक्टरांनी डायबेटिक किडनीतल्या गाठी १९३६ मध्येच लिहून ठेवल्या होत्या, पण पुढे कितीतरी वर्षं हा आजार साखर आणि प्रेशरचाच समजला जायचा, सूज-बिज, म्हणजे या पेशींचा धुडगूस, बाजूला. नंतर एमसीपी-१ तयारच करू न शकणाऱ्या उंदरांना डायबेटिस करून बघितला तर त्यांच्या किडनीत मॅक्रोफेजही कमी आले आणि नुकसानही कमी झालं, तेव्हा लोक या पेशींकडे नीट बघायला लागले.

चहाबाज_७७:
डॉक्टर महापालिकेचं उदाहरण वाचून हसू आलं पण कळलं एकदम 😄 आमच्या गल्लीत चौथ्यांदा खणतायत. आईला पण हाच आजार, पण तिची बायॉप्सी कधी केली नाही. डॉक्टर म्हणाले डोळ्यांच्या पडद्यावर शुगरचे डाग आहेत, प्रोटीन हळूहळू वाढलंय, मग सुई घालायची गरज नाही. अनघाताईंच्या बाबांचं अचानक वाढलं म्हणून केली असेल.

हिरवा_कंदील:
मी पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन), इम्युनॉलॉजीत, भारताबाहेर. स्टेरॉइडच्या प्रश्नावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय. लहान मुलांच्या नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये (लघवीतून प्रोटीन जाण्याचा आजार, तुमच्या मामेभावाला बहुधा तोच असावा) मूळ गडबडच इम्यून सिस्टिमची असते असं मानतात, तिथे स्टेरॉइड थेट मुळावर बसतं. इथे इम्यून पेशी मागून आलेल्या आहेत, मूळ कारण साखर आणि प्रेशर, आणि स्टेरॉइडने साखर तर चढतेच, बीपीही चढतं. म्हणजे गँगला घरी पाठवलं आणि पाइप अजून फोडला.

बरं मग नेमकी तक्रारीची फोनलाइनच कापली तर? तेही करून झालंय. मोनोसाइटवरचा सीसीआर-२ हा रिसेप्टर, ज्याने ते एमसीपी-१ ओळखतात, तो बंद करणारी गोळी माणसांत तपासली, २०१५ मध्ये निकाल आला, लघवीतलं प्रोटीन थोडंसं कमी झालं, पण औषध बाजारात काही आलं नाही. बॅरिसिटिनिब, जे सांधेवातात देतात, त्याने एका छोट्या ट्रायलमध्ये प्रोटीन साधारण ४० टक्क्यांनी उतरलं, पण १२९च लोक होते आणि हिमोग्लोबिन खाली येत होतं. बार्डोक्सोलोन या सूज उतरवणाऱ्या औषधावर तर सगळ्यांनी केवढी आशा लावली होती, २०१२ मध्ये हार्ट फेल्युअर वाढल्यामुळे ट्रायल मध्येच थांबवावी लागली. आमच्या लॅबमध्ये अजून कुणी ते नाव काढलं की सिनियर मंडळी गप्प होतात. उंदरात चाललं म्हणजे माणसात चालेलच असं नाही हे या फील्डइतकं क्वचितच कुठे दिसतं.

पण सूज महत्त्वाची आहे यात शंका नाही. बोस्टनच्या जॉस्लिन सेंटरने चारशेवर टाइप २ रुग्णांचं रक्त साठवून वर्षानुवर्षं फॉलोअप केला, ज्यांच्या रक्तात टीएनएफचे सुटे रिसेप्टर जास्त होते त्यांचीच किडनी पुढे जास्त प्रमाणात फेल झाली. पेपर २०१२ चा.

पेशीवाला:
+१. आणि आत्ता चालणारी औषधं मुख्यतः फुटक्या पाइपवरच काम करतात. टेल्मिसार्टन-लोसार्टनवाल्या बीपीच्या गोळ्या गाळणीचं प्रेशर उतरवतात. डापाग्लिफ्लोझिन (डापा) गटाची औषधं ते प्रेशर आणि नळ्यांवरचा ओव्हरटाइम दोन्ही कमी करतात, २०२० च्या ट्रायलमध्ये ४३०४ लोक होते, शुगर नसलेलेही होते, किडनी निम्म्याहून जास्त घसरणं, फेल होणं किंवा किडनी-हार्टने मृत्यू हे सगळं धरून धोका ३९ टक्क्यांनी कमी. भारतात पेटंट संपल्यावर भावही बरेच उतरले. फिनरेनोन हे जरा वेगळं, ते ज्या रिसेप्टरला अडवतं तो मॅक्रोफेजवर पण असतो, म्हणून सूज आणि काँक्रीट दोन्हींवर असर होतो असं मानतात, पण पोटॅशियम चढतं, रक्त तपासत राहावं लागतं. कुणाला काय द्यायचं ते तुमचे नेफ्रॉलॉजिस्टच ठरवतील, मी काचा बघणारा माणूस.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. डापा सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनीन थोडं वर जातं, ते प्रेशर उतरल्याचं लक्षण असू शकतं, घाबरून स्वतःच बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.

विळी_आडकित्ता:
गुळवेलीवर सगळे गप्प कसे? आमच्याकडे तीन पिढ्या घेतात कुणाला काही झालं नाही.

हिरवा_कंदील:
गप्प नव्हते हो, टाईप करत होते 🙂 मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये ६ पेशंट छापले, कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेपही घेतला, तो वाद बाजूला ठेवू. माझा मुद्दा साधाय, ज्या किडनीत पेशी आधीच जास्त झाल्यात तिथे "इम्युनिटी वाढवा" म्हणजे नक्की काय वाढवायचं? अजून दोन गँग पाठवायच्या? आणि काढ्यात काय किती आहे हे ना काकूंना माहीत ना डॉक्टरांना, औषधं मात्र किडनीला आणि लिव्हरलाच बाहेर काढायची असतात.

विळी_आडकित्ता:
बरं, हे पटलं. पण तीन पिढ्यांचं ते खरंय.

अनघा_सांगली:
सगळ्यांचे मनापासून आभार, स्क्रीनशॉट काढून काल डॉक्टरांकडे नेले 🙈 ते चिडतील असं वाटलं होतं, उलट महापालिकेचं वाचून जोरात हसले. टेल्मिसार्टन आधीच चालू होती, आता डापा चालू केलंय, तीन आठवड्यांनी क्रिएटिनीन आणि पोटॅशियम करायला सांगितलंय, फिनरेनोनचं त्यानंतर बघू म्हणाले. काकूंना नाही कसं म्हणायचं कळत नव्हतं, शेवटी बाबांनीच सांगितलं की काढ्याने तोंड कडू होतं आणि मग चहात साखर घालावीशी वाटते. त्या दिवसापासून काढा बंद आहे.