मेक्सिकोच्या जनगणनेत आफ्रिकी वंशाची नोंद इतक्या उशिरा का?

प्रश्न:
मेक्सिकोच्या २०२० च्या जनगणनेत सुमारे २५ लाख लोकांनी, म्हणजे लोकसंख्येच्या दोन टक्क्यांनी, आपण आफ्रिकी वंशाचे असल्याचे सांगितले. आधुनिक काळातल्या पूर्ण जनगणनेत हा प्रश्न तेव्हाच प्रथम विचारला गेला. ज्यांनी १८२९ मध्ये गुलामगिरी रद्द केली, ते अध्यक्ष व्हिसेन्ते गेरेरो स्वतःच आफ्रिकी पूर्वजांचे होते. तरीही या लोकांची मोजणी व्हायला इतका काळ का लागला असावा?

उत्तर १:
सुरुवातीला वंशाची नोंद थांबवण्यामागचा हेतू चांगलाच होता. वसाहतकाळात चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदींत मुलाच्या नावापुढे ‘मुलातो’, ‘पार्दो’ असा आफ्रिकी मिश्र वंश दाखवणारा वर्ग लिहिला जाई. स्वातंत्र्यानंतर १८२२ मध्ये त्याला मनाई झाली. मात्र १९१० च्या क्रांतीनंतर ‘मेक्सिकन म्हणजे स्पॅनिश आणि मूलनिवासी यांचे मिश्रण’ ही व्याख्या रुजली आणि वसाहतकाळात आणलेल्या सुमारे दोन लाख आफ्रिकी लोकांच्या वंशजांना तीत जागाच उरली नाही. अभ्यासक पुढे या वारशाला ‘तिसरे मूळ’ म्हणू लागले. मला हा शब्दप्रयोग खटकतो, कारण तिसरे म्हटले की मागाहून आल्यासारखे वाटते. हुआन गारिदो हा आफ्रिकी माणूस तर मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश सेनानी कोर्तेसच्या मोहिमेतच होता.

उत्तर २:
गेरेरो आणि ओआहाका या राज्यांच्या किनाऱ्यावरील कोस्ता चिका भागात हा वारसा पुसला गेला नव्हता, फक्त कागदावर नव्हता. तिथे मृतांच्या सणाला सैतानांचे नृत्य होते. घोड्याच्या केसांची दाढी लावलेले मुखवटे घालून लोक नाचतात, गाढवाच्या जबड्याचे हाड वाजवून त्यातले दात खुळखुळवतात आणि भोपळ्याच्या वाद्यावर काठी घासून घुमणारा आवाज काढतात. याच भागातल्या लोकांना प्रवासात परदेशी समजून अडवल्याचे आणि नागरिकत्व सिद्ध करण्यासाठी राष्ट्रगीत म्हणायला लावल्याचे प्रसंग नोंदले गेले आहेत. घटनेत त्यांना मान्यता मिळाली ती २०१९ मध्ये.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. तिथले लोक स्वतःला ‘मोरेनो’ (सावळे) म्हणवतात, असे वाचले होते. मग त्यांची गणती झाली का?

उत्तर २:
प्रश्नात ‘अफ्रोमेक्सिकन, कृष्णवर्णीय किंवा आफ्रिकी वंशज’ असे शब्द होते, ‘मोरेनो’ नव्हता. पूर्वज आणि चालीरीती लक्षात घेऊन आपण स्वतःला यांपैकी काही मानता का, एवढेच विचारले होते. ज्यांनी हे शब्द आपले मानले, तेच या आकड्यात आहेत.