४५ हजारांत रेट्रो मिररलेस: डायल घ्यावेत की स्टॅबिलायझेशन?

घाटमाथा:
जुन्या रूपाचा (रेट्रो), आत आरसा नसलेला (मिररलेस) डिजिटल कॅमेरा घ्यायचाय. बजेट ४५ हजार, त्यातच बॉडी आणि एक लेन्स. नवा निकॉन झेड एफसी यात बसत नाही, म्हणून सेकंडहँड बघतेय. मुंबईला गेले होते तेव्हा फोर्टातल्या बोरा बाजारात दोन भाव मिळाले. फुजीफिल्म एक्स-टी२० (२०१७चं मॉडेल) ३३ हजार, वर जुनी एक्ससी ३५ एमएम एफ/२ लेन्स (एफचा आकडा लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं) १२ हजार. दुसरा ऑलिंपस ई-एम१० मार्क २ (२०१५), २५ एमएम एफ/१.८ लेन्ससकट ३५ हजार.

माझं मत फुजीला. मी बाबांच्या पेंटॅक्स के१०००वर शिकले. शटरचं (प्रकाश किती वेळ आत घ्यायचा त्याचं) डायल वर, अपर्चरची (लेन्सचं तोंड किती उघडायचं त्याची) रिंग लेन्सवर, त्यामुळे कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच निम्मा फोटो ठरलेला असायचा. गेल्या आषाढात एका मैत्रिणीचा एक्स-टी२० घेऊन दिवेघाटात गेले होते. ढग सरकून ऊन आलं की वारकऱ्यांचे पांढरे सदरे पार जळून जायचे. अंगठ्याने एक्स्पोजरचं (फोटो उजळ-गडद करायचं) डायल तीन खटके मागे घेतलं की एक स्टॉप कमी, म्हणजे उजेड निम्मा. तेवढ्यात पुढची दिंडी वळणावर यायची आणि माझा डोळा व्ह्यूफाइंडरवरच असायचा. मेन्यूवाल्या कॅमेऱ्यात मला हे कधी जमलं नाही.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहा, पैसे अजून दिलेले नाहीत.

सभामंडप:
ताई, सपशेल असहमत. ऑलिंपस घ्या आणि उरलेल्या दहा हजारांत फिरून या.

त्यात स्टॅबिलायझेशन आहे, म्हणजे हात हलला तरी प्रकाश टिपणारा सेन्सरच पाच दिशांनी सावरला जातो. मी जुन्या देवळांचे फोटो काढतो. दगडी मंडपात दुपारीसुद्धा अंधार, ट्रायपॉड लावू देत नाहीत. तुमच्या फुजीत ना बॉडीत स्टॅबिलायझेशन, ना त्या लेन्समध्ये. हात हललेला दिसू नये म्हणून शटर १/६० सेकंद धरावं लागेल, म्हणजे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार) ३२००. मी तोच खांब १/८ला हातात धरून काढतो, आयएसओ ४००. खांबावरच्या कोरीव कामातली छिन्नीची रेघ न् रेघ दिसते.

सेन्सर लहान म्हणून पार्श्वभूमी धूसर होत नाही, हेही उगाच सांगितलं जातं. फुल फ्रेमच्या (३५ एमएम फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या) हिशोबात २५चं एफ/१.८ म्हणजे एफ/३.६, फुजीचं ३५ एफ/२ म्हणजे एफ/३. अर्ध्या स्टॉपचा फरक.

घाटमाथा:
खांब जागचा हलत नाही हो, वारकरी चालतो. १/८ला हात कितीही स्थिर असला तरी फुगडी घालणाऱ्या बाईचा चेहरा पुसलाच जाणार. मला माणसं काढायची आहेत, तिथे शटर १/२५०च लागतं. देवळांसाठी तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

रीळकाका:
दोघांनाही एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती पैसे द्यायच्या आधी कळायला हवी.

बाळ, तू डायलसाठी फुजी घेते आहेस, पण एक्ससी ३५वर अपर्चरची रिंगच नाही! बॉडीवरच्या चाकाने आकडा बदलावा लागतो. एक्स-टी२०वर आयएसओचं डायलही नाही. म्हणजे के१०००चा जो हात तुला बसला आहे, त्यातला अर्धाच परत मिळणार. ऑलिंपसचं तर रूपच तेवढं जुनं, शटरचे आकडे लिहिलेलं डायल त्यावर नाही.

माझं ऐकशील तर एक्स-टी१ बघ. २०१४चा, १६ मेगापिक्सेल, पण शटर, आयएसओ, एक्स्पोजर तिन्ही डायल वर. सोबत एक्सएफ ३५ एफ/२. काचा एक्ससीच्याच, पण माउंट (बॉडीला जोडायची कडी) धातूचं, रिंग आहे, आणि बॉडी व लेन्स दोन्हींना पावसाच्या शिंतोड्यांपासून सील आहे. तू आषाढात घाटात उभी राहणार, तुला याची गरज एक्स-टी२०च्या २४ मेगापिक्सेलपेक्षा जास्त. गेल्या महिन्यात मला बॉडी २४ हजारांना दिसली, लेन्स २०ला.

पगारवाला:
काका, आदर ठेवून विरोध करतो. दहा वर्षं जुनी बॉडी, वॉरंटी नाही. उद्या बोर्ड गेला तर ४४ हजार पाण्यात. सहा महिने थांबून आणखी साठवा आणि वॉरंटीसह झेड एफसी घ्या. डायल तिन्ही आहेत, माणसाचा डोळा शोधून फोकस करतो. चालत्या माणसांसाठी हाच मुद्दा निर्णायक आहे, एक्स-टी१चा फोकस त्याच्या जवळपासही येत नाही.

रीळकाका:
फोकसचं बरोबर बोललात, वॉरंटीचंही. २०१५च्या फर्मवेअरने (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरने) एक्स-टी१चा फोकस बराच सुधारला, तरी आजच्या कॅमेऱ्यांची बरोबरी नाही. पण झेड एफसीच्या लेन्सवर आकडे लिहिलेली रिंग नाही, अपर्चर एका इवल्या खिडकीत दिसतं. आणि सहा महिने थांबलं की वारी निघून जाते.

कोकणकडा:
बॉडी कुठलीही घ्या, लेन्स टॉर्चशिवाय घेऊ नका. मी एकदा दुकानातल्या उजेडात चकचकीत दिसली म्हणून लेन्स घेतली. घरी येऊन रिंग एफ/२वर पूर्ण उघडली, मागून मोबाईलचा टॉर्च मारला, तर आतल्या काचेवर कोळिष्टकासारखे पांढरे बारीक धागे. बुरशी! साफ करायला लेन्सच्या निम्मे पैसे गेले आणि कोटिंगवरचा डाग राहिला तो राहिलाच. आमच्याकडे पावसाळ्यात कॅमेरा कपाटात कोंडला की हेच होतं. एअरटाइट डबा आणि सिलिका जेल यांचे पाचशे-सातशे रुपये बजेटमध्येच धरा.

घाटमाथा:
काका, रिंगचं खरंच लक्षात आलं नव्हतं. लेन्स हातात घेतली होती, पण स्क्रीनच बघत बसले. एक्ससी रद्द.

शनिवारी एक्स-टी१ बघायला जातेय. टॉर्च आणि माझं मेमरी कार्ड नेते, तिन्ही डायल शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवून बघते, कॅप लावून एक काळा फोटो काढते म्हणजे काळ्यात उगाच चमकणारे बिघडलेले पिक्सेल कळतील. ३५ एफ/२ वीस हजारांत नाही मिळाली तर बॉडी घेऊन तूर्त बाबांचीच ५० एमएम ॲडॅप्टरवर लावेन. फोकस हाताने करावा लागेल, पण तिला रिंग आहे.