गल्लीच्या ग्रुपवर ‘राजकारण बंद’ हा नियम योग्य आहे का?

जुळे सोलापूरकर:
आमच्या ॲडमिननं राजकीय पोस्टवर बंदी घातली. मला हे अजिबात पटलेलं नाही. पाणी किती दिवसांआड सोडायचं, हे राजकारण नाही तर काय? २०२१ मध्ये आपल्या उजनी धरणाचं ५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला द्यायचा निर्णय झाला होता. सोलापूर जिल्हा बोलला, पेटला, म्हणूनच तो रद्द झाला.

बंदीचं निमित्त काय, तर एकानं टाकलं, “उजनी शंभर टक्के, मग नळ कोरडा का?” दुसऱ्यानं त्याचा पक्ष काढला, तिसऱ्यानं जात. धरणाची ही टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्यावर, म्हणजे साधारण ५३ टीएमसीवर काढतात. तळाचा ६३ टीएमसी मृतसाठा त्यात धरत नाहीत, म्हणून तर उन्हाळ्यात पाणी त्या साठ्यात उतरलं की आकडा उणे जातो. शिवाय धरण भरलं तरी पुढं जलवाहिनी, टाक्या, वितरण आहेच. यावर एक अक्षर नाही!

माझं म्हणणं, राजकारण बोलू द्या, पण दाव्यासोबत कागद जोडा. पाणीसाठ्याचा अहवाल, मनपाचा ठराव, अंदाजपत्रक, काहीही. जातीवर गेला की पोस्ट उडवा.

विडी घरकुल:
मालक, कागद तुमच्यासारख्यांकडं. दिवसभर विड्या वळणारी बाई ठराव कुठून आणणार? रात्री दोनला पाणी आलं आणि हंडा भरायच्या आत गेलं, एवढंच तिला माहीत. तुमच्या नियमात ती गप्पच बसणार.

ग्रुप ॲडमिन:
बोलायला सगळे पुढं. उद्या कुणी भडकाऊ काही टाकलं तर पोलीस मला बोलावणार.

जुळे सोलापूरकर:
ॲडमिन, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्येच सांगितलंय, समान हेतू किंवा कट नसेल तर सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिन दोषी ठरत नाही.

ताई, तुमचं खरं आहे. स्वतःचा अनुभव असेल तर गल्ली आणि वेळ लिहा, तेवढं पुरे. पण ‘अमक्यानं पैसे खाल्ले’ म्हणायचं तर कागद हवाच.

विडी घरकुल:
आणि वेळ लिहिली की ‘हिला विरोधकांनी बसवलंय’ म्हणणाऱ्याकडं कोण कागद मागणार?

ग्रुप ॲडमिन:
निकाल मान्य. पण अटक झाली नाही म्हणून शेजाऱ्यांची तुटलेली बोलाचाली जुळत नाही. महापालिकेच्या निवडणुकीनंतर दोन घरं एकमेकांच्या लग्नाला गेली नाहीत. बंदी राहील. पाण्यासाठी वेगळा ग्रुप काढा, त्यात मलाही घ्या.