कोलकात्यात मांडवासाठी सुंभ कोणता घ्यावा?

मांडववेल:
सॉल्ट लेकला गच्चीवर कारली-पडवळासाठी बांबूचा मांडव घालायचाय. नायलॉन नको. इकडे सुंभ काय म्हणून मागायचा, किती जाड घ्यायचा आणि पावसाळाभर टिकेल असा कसा बांधायचा?

पीळदार:
'नारकेल दोडी' मागा, म्हणजे नारळाच्या काथ्याची दोरी, आपला सुंभ. 'काता' असाही शब्द आहे. नुसतं 'दोडी' म्हणालात तर पाटाची, म्हणजे तागाची, हातात पडायची. ती सतत ओली राहिली की कुजते. काथ्यात लिग्निन (तंतूंना कडक ठेवणारा, सहज न कुजणारा घटक) ४० टक्क्यांच्या वर, तागात त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. सगळा फरक तिथे आहे. 'छोबडा' मात्र मागू नका. तो धुनुचीत, म्हणजे बंगाली धुपाटण्यात, धूप घालायला लागणारा सुटा काथ्या, दशकर्मा भांडारात (पूजासाहित्याच्या दुकानात) मिळतो.

५-६ मिमी जाडीचा दोनपदरी पुरे. घेताना टोकाचा पीळ उलगडून बघा. तंतू निदान अर्ध्या वितीचे निघायला हवेत. तळहातावर तांबूस भुसा सांडला तर काथ्या नीट झोडपलेला नाही. हाच भुसा पाणी धरतो आणि सुंभ आतून सडवतो. काळे ठिपके किंवा कुबट वास असेल तर स्वस्तातही घेऊ नका.

बांबूकाम:
बांधण्याआधी अर्धा तास भिजत घाला. कोरडा सुंभ ताठ असतो, गाठ बसत नाही आणि तळवे सोलतात. ओला बांधलेला वाळताना आवळतो. ३ इंची बांबूच्या एका सांध्याला निदान १२ फूट धरा. उभ्या बांबूला खुंट्याला दावं बांधतात तशी गाठ, मग दोन्ही बांबूंना धरून ४ वेढे, एकाशेजारी एक, वर चढू न देता. शेवटी दोन बांबूंच्या मधून, त्या वेढ्यांवरच, २-३ फेरे करकचून. हे मधले फेरे बरेच जण गाळतात आणि पहिल्या वादळात मांडव डुलायला लागतो.

मांडववेल:
त्याच सुंभावर छोटा झोपाळा टांगला तर?

पीळदार:
अजिबात नको. काथ्या तुटण्याआधी जवळजवळ पाव लांबीने ताणतो आणि त्याची ताकदही तागाहून कमी.

आणखी एक, विस्तव लांब ठेवा. तिकडच्या पान-बिडीच्या टपऱ्यांवर बिडी शिलगावायला सुंभाचं टोक दिवसभर धुमसत टांगलेलं असतं, ते बघा. ज्वाळ दिसत नाही, पण आग आतल्या आत सरकत राहते. मांडवाखाली उदबत्ती नको. ठिणगी पडलीच तर तेवढा तुकडा कापून बादलीत बुडवा, नुसतं पाणी शिंपडून भागत नाही.