‘डेडली आइज’ (१९८२): डॅशहुंड कुत्र्यांना उंदीर बनवणारा हा भयपट आपल्याला कसा वाटला?

निशाचर

रॉबर्ट क्लाउझ यांनी दिग्दर्शित केलेला ‘डेडली आइज’ हा कॅनडातला भयपट नुकताच पाहिला. टोरांटोत साठवलेल्या, स्टेरॉइड मिसळलेल्या धान्यावर पोसले गेलेले उंदीर कुत्र्याएवढे होतात आणि शहरात शिरतात, अशी त्याची कथा आहे. एवढे मोठे उंदीर दाखवण्यासाठी निर्मात्यांनी डॅशहुंड जातीच्या कुत्र्यांना केसाळ पोशाख चढवले आणि अगदी जवळच्या दृश्यांत हाताने हलवायची नकली मुंडकी वापरली. हे आधीपासून ठाऊक असूनही सुरुवातीच्या प्रसंगांनी मला खरोखर अस्वस्थ केले. पुढे मात्र तीच जनावरे आणि तेच पोशाख समोर असताना भीती हळूहळू ओसरत गेली. हा दोष अपुऱ्या पैशांचा मानावा की दिग्दर्शनाचा? ज्यांनी मूळ कादंबरी वाचली आहे त्यांचेही मत जाणून घ्यायला आवडेल.

संकलन_कक्ष

माझ्या मते दोष पैशांचा नाही, अंतराचा आहे. अंधारात, जमिनीलगत ठेवलेल्या कॅमेऱ्यासमोरून एखादी काळी, लांबट आकृती क्षणभर सरकून गेली की उरलेले चित्र प्रेक्षक स्वतःच पूर्ण करतो, आणि तिथे पोशाख साधा आहे की महागडा, याने काही फरक पडत नाही. पण तोच कळप उजेडात, दुरून, पाच-सहा सेकंद सलग धावताना दाखवला की डोळा पायांकडे वळतो आणि कुत्रा ओळखू येतो. संकलनात हे सेकंद कापता आले असते, आणि त्यासाठी एक पैसाही जास्त लागला नसता.

सुरुवातीचा, उंच खुर्चीत बसवलेल्या बाळाचा प्रसंग मात्र वेगळ्या कारणाने अंगावर येतो. भयपटात लहान मुले सहसा वाचतात, या आपल्या सवयीच्या भरवशालाच तो तडा देतो. त्यानंतर कोण वाचेल याची खात्री उरत नाही. ती अनिश्चितता शेवटपर्यंत टिकवली असती, तर पोशाखांबद्दल फारसे कोणी बोललेच नसते.

कीडनियंत्रक

मी अनेक वर्षे उंदीर नियंत्रणाच्या कामात आहे, त्यामुळे माझे लक्ष साहजिकच चालीकडे जाते. उंदीर शक्यतो मोकळ्या जागेतून धावत नाही. तो भिंतीच्या कडेने, मिशा आणि अंगावरचे केस भिंतीला लावत, ठरलेल्या वाटेने जातो. वाटेत नवी वस्तू दिसली तर थबकतो, मागे फिरतो, पुन्हा येतो. हे थबकणेच पाहणाऱ्याला खरे अस्वस्थ करते, कारण समोरचे जनावर अंदाज घेत आहे असे वाटते. डॅशहुंड हा बिळात शिरून शिकार करण्यासाठी तयार केलेला कुत्रा आहे. आखूड पाय आणि लांब धड यांमुळे आकाराच्या दृष्टीने निवड चांगलीच होती. परंतु तो कळपाने, उघड्यावरून, मान वर करून उड्या मारत येतो, आणि ती चाल उत्साही प्राण्याची आहे. हेच कुत्रे भिंतीलगतच्या अरुंद बोळातून एकामागून एक सोडले असते, तर बराच फरक पडला असता असे मला वाटते.

धान्याचा भाग मात्र मला पटला. स्त्री आरोग्य निरीक्षक दूषित धान्य जाळण्याचा आदेश देते आणि खाद्य संपल्यामुळेच उंदीर शहराकडे वळतात. प्रत्यक्षातही एखादे गोदाम रिकामे केले की आजूबाजूच्या घरांतून तक्रारी वाढतात. योग्य निर्णयातूनच संकट ओढवते, ही या कथेतली सर्वांत चांगली कल्पना आहे. पटकथेने ती पुढे सोडून दिली याचे वाईट वाटते, कारण त्या निरीक्षकेच्या मनावरचा भार दाखवायला खास खर्च लागणार नव्हता.

पूर्व_लंडन_वाचक

चित्रपटाचा आधार जेम्स हर्बर्ट यांची १९७४ सालची ‘द रॅट्स’ ही कादंबरी आहे, पण आधार हा शब्द इथे सैलपणे घ्यावा लागेल. कादंबरी पूर्व लंडनच्या पडक्या, दुर्लक्षित वस्त्यांत घडते. लेखक त्याच भागात वाढले होते, आणि सत्ताधाऱ्यांनी या वस्त्या कुजू दिल्या याचा संताप पानापानांत जाणवतो. बळी पडणाऱ्या साध्या माणसांची आयुष्ये काही परिच्छेदांत उभी राहतात आणि लगेच संपतात. वाचकाला हळहळ वाटते ती त्यामुळे. चित्रपटाने नायकाचा शिक्षकी पेशा ठेवला, गोष्ट टोरांटोला नेली आणि तो संताप मागेच सोडला. त्या जागी नायकाच्या प्रेमात पडलेल्या विद्यार्थिनीचे उपकथानक आले, ज्याचा उंदरांशी काडीचा संबंध नाही. निशाचर, उत्तरार्धातली आपली भीती ओसरली त्याचे एक कारण मला इथे दिसते. मरणाऱ्या माणसांची ओळखच झाली नसेल तर भीती केवळ जनावराच्या रूपावर अवलंबून राहते, आणि रूप तर आधीच दुबळे आहे.

स्कॅटमन क्रोदर्स यांनी साकारलेला वयस्कर निरीक्षक हा अपवाद आहे. मोजक्या दृश्यांत त्यांनी त्या माणसाला ऊब दिली, म्हणून त्याचा मृत्यू लागतो.

शेवटची_रांग

चित्रपटगृहातल्या हल्ल्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून लिहितो. पडद्यावर ब्रूस ली यांचा ‘गेम ऑफ डेथ’ चालू असतो, जो क्लाउझ यांनीच १९७८ साली पूर्ण केला होता. अंधार, खुर्च्यांच्या रांगा, पायांजवळची न दिसणारी जागा आणि दाराकडे लोटणारी गर्दी: या प्रसंगात कुत्रे कमी दिसतात आणि माणसांची घबराट जास्त दिसते, त्यामुळे तो आजही टिकून आहे. नव्या भुयारी रेल्वेच्या उद्घाटनाचा शेवटचा भाग मात्र तितका जमलेला नाही, कारण तिथे जनावरे पुन्हा उजेडात आणि मोठ्या संख्येने येतात.

खरे उंदीर वापरले असते तर काम सोपे झाले असते, असेही मला वाटत नाही. १९७१ सालच्या ‘विलार्ड’मध्ये मो डी सेसो यांनी शिकवलेले खरे उंदीर आहेत आणि ते सुरेख काम करतात, पण तिथे ते एकाकी तरुणाचे सोबती असल्यामुळे प्रेक्षकाला त्यांच्याबद्दल माया वाटू लागते.

निशाचर

सर्वांचे आभार. कीडनियंत्रक यांचा प्रतिसाद वाचून धान्य जाळण्याचा भाग पुन्हा पाहिला. निरीक्षकेला पुढे त्या आदेशाबद्दल एक वाक्यही दिलेले नाही, हे आता फार खटकले. पोशाखांबद्दलची माझी तक्रार त्यापुढे किरकोळ आहे.