प्रतिसाद: नागपूर-काटोल-वरूड, व्हॅन आणि दोन कुत्री

मार्चच्या पहिल्या आठवड्यात २५ किलोची दोन कुत्री घेऊन कॅम्परव्हॅनने निघताय, काळजी काय घ्यायची विचारलंत; गाडी गार कशी ठेवायची यावर वरच्या प्रतिसादांत बरंच बोलून झालं. बाहेरचा धोका मात्र शेतात आहे.

रात्री मुक्कामाला कुत्री मोकळी सोडूच नका. रानडुकरांसाठी काही जण कुंपणात चोरून करंट सोडतात. अंधारात तार दिसत नाही. शिवाय काटोल तालुक्यातल्या कोंढाळीकडे बिबट्या आहे, आणि कुत्रा त्याचं आवडतं खाद्य! संध्याकाळनंतर दीड-दोन मीटरचा पट्टा, तोही हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला).

संत्र्याच्या बागेत शिरण्याआधी फवारणी कधी झाली ते मालकाला विचारा. कुत्री पंजे चाटतात, विष तसंच पोटात जातं. फिरून आल्यावर पंजे साध्या पाण्यानं धुवा. गोठ्यातली सरकीची ढेपही तोंडाला लागू देऊ नका, त्यात गॉसिपॉल हे कुत्र्यांना विषारी द्रव्य असतं.

कापलेल्या पऱ्हाटीची (कपाशीच्या झाडांची) खुंटं पंजात घुसतात, वाळल्या गवताची कुसळं कानात. एकाच बाजूला डोकं झटकत असेल तर कुसळ समजा. कापसाची काडी घालू नका, ते आणखी आत जातं. डॉक्टरच काढतील.

गोचिडाचं औषध मानेवर टाकायचं असेल तर आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नको. चिकटलेली गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल नको.

पाणी? दर कुत्र्यामागे दिवसाला किमान दीड लिटर, उन्हात दुप्पट धरा.